आंतरराष्ट्रीय संबंध आणि युद्ध या विषयांत ऑनलाईन एम.ए.: प्रवेशाच्या विचारापासून लघुप्रबंधापर्यंत

आंतरराष्ट्रीय संबंध आणि युद्ध या विषयांत ऑनलाईन पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणारे लोक ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. काहींना पुढे महाविद्यालयात शिकवायचे असते किंवा पीएच.डी. करायची असते. काही जण पत्रकार, सैन्यातले अधिकारी, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शक किंवा आयात-निर्यातीच्या व्यवसायातले असतात आणि त्यांना आपल्या कामासाठी हा विषय पक्का हवा असतो. तिसऱ्या प्रकारच्या लोकांना फक्त कुतूहल असते, आणि ते कारण कमी प्रतीचे मुळीच नाही. या तिघांसाठी योग्य पदवी एकच असेल असे नाही, म्हणून विद्यापीठांची माहितीपत्रके चाळण्याआधी आपण यांपैकी कोण, हे ठरवावे.

मान्यतेचा प्रश्न

शिकवण्याचा किंवा भारतात पीएच.डी. करण्याचा विचार असेल, तर मान्यतेचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२० साली दूरस्थ आणि ऑनलाईन शिक्षणासाठी नियमावली केली. तिच्या चौकटीत मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाईन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. मात्र ही मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि विशिष्ट सत्रांसाठी असते. त्यामुळे ‘आमचे विद्यापीठ यूजीसीमान्य आहे’ हे समुपदेशकाचे फोनवरचे वाक्य पुरेसे मानू नये. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर त्या सत्राच्या यादीत नेमक्या त्याच अभ्यासक्रमाचे नाव आहे का, हे स्वतः पाहावे आणि त्या पानाची प्रत ठेवावी. प्रवेशासाठी लागणारा डीईबी आयडीही त्याच विभागाच्या पोर्टलवर काढावा लागतो.

परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाईन पदवीची गोष्ट वेगळी आहे. भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, परदेशी पदव्यांना समकक्षता देताना दूरस्थ किंवा ऑनलाईन पद्धतीने मिळवलेल्या पदव्या बाजूला ठेवत आला, आणि २०२५ साली यूजीसीने समकक्षतेची स्वतःची नवी नियमावली आणली. लंडनची किंवा अमेरिकेतली ऑनलाईन पदवी घेऊन भारतात सहायक प्राध्यापक व्हायचे असेल, तर ही नियमावली फी भरण्याआधी मुळातून वाचावी. माझे मत स्पष्ट आहे: ज्यांचे लक्ष्य नेट, सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा किंवा भारतातली प्राध्यापकी आहे त्यांनी भारतीय मान्यताप्राप्त पदवीच घ्यावी. नेटमध्ये ‘संरक्षण व सामरिकशास्त्र’ हा स्वतंत्र विषय आहे, आंतरराष्ट्रीय अभ्यासांचाही वेगळा विषय आहे आणि राज्यशास्त्र तर आहेच. खुल्या प्रवर्गासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांसाठी ५० टक्के गुण लागतात. आपण घेणार असलेली पदवी यांपैकी कोणत्या विषयाच्या जवळ आहे, हेही पाहून ठेवावे.

उरलेल्या दोन प्रकारच्या लोकांना एवढी धास्ती नको. संपादक, विश्लेषण संस्था किंवा परदेशी मालक पदवीच्या समकक्षतेपेक्षा तुम्ही काय लिहिता ते पाहतात, आणि तिथे चांगल्या परदेशी विभागाचे शिक्षण उपयोगी पडते.

पदवीच्या नावामागे काय आहे

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पदव्यांच्या आत फार वेगळे विषय असू शकतात. ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ या नावाच्या अभ्यासक्रमात सिद्धांत, परराष्ट्र धोरण, आंतरराष्ट्रीय संघटना आणि जागतिक अर्थकारण यांवर भर असतो. युद्ध त्यात एखाद्या मॉड्यूलपुरते, म्हणजे एका उपविषयापुरते येते. ‘युद्ध अभ्यास’ ही मुख्यतः ब्रिटिश परंपरा आहे. किंग्ज कॉलेज लंडनमधल्या तिच्या विभागाला मायकेल हॉवर्ड या इतिहासकाराने १९६० च्या दशकात आजचा आकार दिला, आणि त्यात इतिहास, रणनीती, नीतिशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र शिकवले जाते. ऑनलाईन पद्धतीने युद्ध शिकवणाऱ्या जुन्या विभागांपैकी हा एक आहे. अमेरिकेत व्हरमॉन्टमधले नॉर्विच विद्यापीठ लष्करी इतिहासाचे ऑनलाईन एम.ए. चालवते, आणि तिथला भर साहजिकच इतिहासाकडे झुकलेला आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने दहशतवादाच्या अभ्यासाचे शिक्षण दूरस्थ पद्धतीने दिले आहे. भारतात या ज्ञानशाखेला ‘संरक्षण व सामरिकशास्त्र’ म्हणतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्याचा जुना विभाग आहे, आणि त्याच आवारात यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे आंतरराष्ट्रीय सुरक्षा व संरक्षण विश्लेषण केंद्रही आहे. पुण्यात राहणाऱ्याने ऑनलाईनच्या मागे लागण्याआधी या विभागात एकदा जाऊन यावे. प्रत्यक्ष शिक्षण शक्य असेल तर ते ऑनलाईनपेक्षा सरसच असते.

माहितीपत्रकातले पहिले पान सोडून द्यावे आणि मॉड्यूलांची यादी काढावी. प्रत्येक मॉड्यूलची वाचनयादी मागावी. ती मिळाली नाही, तर तो अभ्यासक्रम आपोआप मागे पडतो. वाचनयादीत मूळ लेख आणि ग्रंथांची प्रकरणे आहेत की नुसती पाठ्यपुस्तके आणि व्हिडिओ, हे पाहावे. निबंध कोण तपासतो, त्यावर लेखी शेरे मिळतात का, लघुप्रबंधाला स्वतंत्र मार्गदर्शक मिळतो का आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातले नियतकालिकांचे संग्रह घरून उघडता येतात का, हे चार प्रश्न प्रवेश कार्यालयाला ई-मेलने विचारावेत आणि उत्तर लेखीच घ्यावे. ग्रंथालयाच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देईन, कारण नियतकालिके उघडता आली नाहीत तर या विषयात दुसऱ्या सत्रापासूनच अडते.

वेळापत्रकही इथेच तपासावे. लंडनमध्ये संध्याकाळी ६ वाजता होणारा थेट सेमिनार आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री १०:३० वाजता आणि हिवाळ्यात ११:३० वाजता येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ वाजता असलेला वर्ग आपल्याकडे पहाटे ४:३० किंवा ५:३० वाजता भरतो. दोन वर्षे हे जमेल का, याचे उत्तर घरातल्या माणसांना विचारून द्यावे.

क्रेडिट, तास आणि पैसे

ब्रिटनमध्ये मास्टर्सची पदवी १८० क्रेडिटची असते आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास मानतात, म्हणजे एकूण १,८०० तास. भारतातल्या दूरस्थ शिक्षणात एक क्रेडिट ३० तासांचे धरतात, म्हणून ८० क्रेडिटचे एम.ए. कागदावर २,४०० तासांचे होते. दोन देशांच्या क्रेडिटचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. १,८०० तास दोन वर्षांत बसवायचे तर सुट्ट्या न धरता आठवड्याला १७ तासांहून थोडे जास्त पडतात. नोकरी करणाऱ्याला हे रोज दोन तास आणि रविवारचा अर्धा दिवस असे बसवता येते. ते जमणार नसेल तर तीन-चार वर्षांची मुदत देणारा अभ्यासक्रम निवडावा. ब्रिटिश पद्धतीत ६० क्रेडिटवर पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि १२० वर पदविका घेऊन थांबण्याची सोय बहुधा असते. साशंक माणसाने आधी प्रमाणपत्रापुरतीच नोंदणी करणे शहाणपणाचे ठरते.

फी परकीय चलनात असेल तर ती मॉड्यूलगणिक भरता येते का ते विचारावे. बँकेकडून उदारीकृत प्रेषण योजनेखालचे (परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेचे) नियम, पैसे पाठवताना कापला जाणारा कर आणि विनिमय दराचा फरक या तिन्ही गोष्टी समजून घ्याव्यात, कारण माहितीपत्रकातल्या आकड्यात यांतले काहीच धरलेले नसते.

अर्ज

अर्जासोबत लागणाऱ्या निवेदनात बहुतेक जण ‘लहानपणापासून मला जागतिक घडामोडींची आवड आहे’ असे लिहितात, आणि ते वाचणारा दुसऱ्या ओळीला कंटाळतो. त्याऐवजी एक प्रश्न लिहावा. समजा, ‘१९६१ साली भारताने गोव्यात सैन्य घातले ते त्याच वर्षी का, आधी का नाही?’ हा तुमचा प्रश्न आहे. तो तुम्हाला का पडला, आजवर त्यावर काय वाचले, कोणत्या उत्तराने समाधान झाले नाही आणि या विभागातले कोणते मॉड्यूल त्यासाठी उपयोगी आहे, एवढे दीड पानात आले की निवेदन झाले. शिफारसपत्रे देणाऱ्या प्राध्यापकांना हा प्रश्न आधी कळवावा, म्हणजे त्यांचे पत्रही ‘विद्यार्थी मेहनती आहे’ याच्या पुढे जाते. पदवीला अभियांत्रिकी किंवा वाणिज्य असेल तरी बिचकू नये. हे विभाग वेगळ्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी घेतात. इंग्रजीच्या परीक्षेची अट आणि तिच्यातून मिळू शकणारी सूट मात्र प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते.

यापुढचे सारे उदाहरणासह सांगायचे म्हणून मी गोव्याचाच प्रश्न पुढे चालवणार आहे. तो मुद्दाम निवडला आहे. घटना छोटी, तारखा निश्चित, जगातल्या अनेक राजधान्यांत तिचे पडसाद उमटलेले, आणि मराठीत तिच्याविषयी भरपूर लिखित सामग्री आहे, जी लंडनमधल्या परीक्षकाला आपल्या आपण वाचता येणार नाही.

वाचायचे कसे

पहिल्या सत्रात विद्यार्थी अडखळतात ते इंग्रजीमुळे कमी आणि वाचण्याच्या सवयीमुळे जास्त. आपल्याकडे पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून लक्षात ठेवायची शिस्त लागलेली असते. इथे आठवड्याला दीड-दोनशे पाने समोर येतात आणि त्यांतले लेखक एकमेकांशी भांडत असतात. म्हणून प्रत्येक लेखाचा आधी सारांश आणि निष्कर्ष वाचावा, मग लेखकाचा दावा एका मराठी वाक्यात लिहावा, आणि त्यानंतरच मधला पुरावा पाहावा. दावा मराठीत लिहिता आला नाही, तर तो समजलेला नाही असे धरावे. इंग्रजी संज्ञा उचलून पुढे जाता येते. मराठीत तसे करता येत नाही, म्हणून ही कसोटी कामाची आहे. दाव्याखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात: हा लेखक कोणाला विरोध करतो आहे, आणि कोणता पुरावा मिळाला तर त्याचा दावा कोसळेल. नोंदी आणि संदर्भ झोटेरोसारख्या मोफत साधनात पहिल्या दिवसापासून ठेवावेत.

सिद्धांतांची भीती बाळगू नये, पण त्यांना धर्मही करू नये. वास्तववाद म्हणतो की जगात राज्यांच्या वर कोणी पोलीस नाही, म्हणून प्रत्येक राज्य आधी स्वतःचे बळ पाहते. उदारमतवादी परंपरा व्यापार, संस्था आणि लोकशाही यांनी या स्पर्धेला घातलेल्या मर्यादा दाखवते. रचनावाद विचारतो की शत्रू कोण आणि हित कशात, हे राज्यांना मुळात कळते कसे. केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ साली युद्धाच्या कारणांचे तीन पातळ्यांत वर्गीकरण केले: माणूस, राज्य आणि राज्यांची व्यवस्था. ही चौकट जुनी आहे, तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली आहे, पण नवशिक्याला विचार मांडायला तिच्याइतकी सोपी खुंटी दुसरी नाही.

ती गोव्याला लावून पाहू. माणसाच्या पातळीवर नेहरूंचा संकोच, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा आग्रह आणि लिस्बनमध्ये पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचा हट्ट दिसतो. सालाझार यांनी गोव्यातल्या आपल्या फौजेला शेवटपर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता आणि गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो न पाळता १९ डिसेंबर १९६१ रोजी शरणागती पत्करली. राज्याच्या पातळीवर एका बाजूला वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणणारी हुकूमशाही आहे, आणि दुसऱ्या बाजूला फेब्रुवारी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीला सामोरी जाणारी लोकशाही, जिच्यात मेनन स्वतः उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानी यांच्याविरुद्ध उभे होते. व्यवस्थेच्या पातळीवर शीतयुद्ध आहे, पोर्तुगालचे नाटोतले सदस्यत्व आहे, १९६१ च्या सुरुवातीला पोर्तुगालच्या ताब्यातल्या अंगोलात पेटलेला उठाव आहे आणि भारताने वसाहतवादाविरुद्ध ठोस काही करावे ही आफ्रिकेतल्या नव्या देशांची अपेक्षा आहे. आता खरा प्रश्न असा की यांतली कोणती पातळी ‘डिसेंबर १९६१’ समजावून देते. सालाझारांचा हट्ट १९५० पासून होताच, नाटोही होती. जे आधीपासून होते त्याने बदलाचे स्पष्टीकरण होत नाही. त्यामुळे आफ्रिकेतला दबाव, निवडणूक, आणि नोव्हेंबरमध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून भारतीय जहाजावर झालेला गोळीबार यांची तुलना करावी लागते. इथपर्यंत आलात की निबंधाची अर्धी वाट झाली.

ऑनलाईन चर्चा

बहुतेक अभ्यासक्रमांत आठवड्याच्या लेखी चर्चेला गुण असतात. तिथे लांबलचक मत टाकण्यापेक्षा दुसऱ्या विद्यार्थ्याच्या एका विधानाला पुराव्याने उत्तर द्यावे. वर्गात कधी एखादा सेवेतला नौदल अधिकारी असतो, कधी मदतसंस्थेत काम केलेली बाई, कधी युद्धातून निसटून आलेला माणूस. त्यांना प्रश्न विचारणे हा शिक्षणाचा भाग आहे. पाकिस्तानी किंवा चिनी सहाध्यायी आपल्याला न पटणारे बोलला, तर ते खोडून काढण्याची घाई न करता तो कोणत्या साधनांवर उभा आहे ते आधी विचारावे. सेवेत असलेल्या भारतीय अधिकाऱ्यांनी मात्र लिहिण्याआधी आपल्या खात्याची परवानगी आणि शासकीय गुपिते कायदा, १९२३ लक्षात ठेवावा.

निबंध

‘गोव्याची कारवाई कायदेशीर होती का?’ असा निबंधाचा विषय आला असे धरू. आपल्याकडचा पहिला आवेग असतो पार्श्वभूमी सांगण्याचा: १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्क आला, १८ जून १९४६ रोजी मडगावात लोहियांनी सभा घेतली, १९५५ च्या सत्याग्रहात माणसे मारली गेली. हे सारे खरे आहे आणि निबंधाला त्यातले फारच थोडे लागते. पहिल्याच परिच्छेदात उत्तर द्यावे. उदाहरणार्थ: ‘संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या अक्षरांवर बोट ठेवले तर ही कारवाई समर्थनीय ठरवणे अवघड आहे, पण वसाहती संपुष्टात आणण्याचे जे नवे संकेत १९६० नंतर आकार घेत होते, त्यांच्या प्रकाशात बहुसंख्य नव्या देशांनी ती बेकायदा मानली नाही.’ हे उत्तर कोणाला पटेल, कोणाला नाही. पण परीक्षकाला तपासायला काहीतरी मिळाले.

मग पुरावा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) बळाच्या वापराला मनाई करते. महासभेने १४ डिसेंबर १९६० रोजी केलेला १५१४ क्रमांकाचा ठराव वसाहतवाद संपवण्याची मागणी करतो, आणि दुसऱ्याच दिवशीचा १५४२ क्रमांकाचा ठराव पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांच्या यादीत गोव्याचे नाव घेतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दादरा-नगर हवेलीच्या वाटेसंबंधी पोर्तुगालने केलेल्या दाव्याचा निकाल दिला. त्यात खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी वाटेचा हक्क मान्य झाला, सैन्य आणि शस्त्रांसाठी नाही, आणि भारताने कर्तव्यभंग केला नसल्याचेही न्यायालयाने म्हटले. सुरक्षा परिषदेत १८ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी आणलेल्या ठरावाला ७ मते पडली, विरोधात ४ पडली: सोव्हिएत संघ, सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (तेव्हाचा इजिप्त). सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. मतांची ही वाटणी नुसती नोंदवून पुढे जाऊ नये. परिषदेत असलेले आफ्रो-आशियाई देश भारताच्या बाजूने गेले, पण चिली आणि इक्वेडोर हे स्वतः कधीकाळी वसाहत असलेले देश विरोधात का गेले, हा प्रश्न निबंधात विचारला की त्याला धार येते.

विरोधी बाजू तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडावी. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांचे परिषदेतले भाषण मुळातून वाचावे, आणि ते दांभिक होते असे ठरवण्याआधी त्यातला कायद्याचा मुद्दा वेगळा काढून त्याला उत्तर द्यावे. मराठी विद्यार्थ्याला गोव्याच्या बाबतीत हे जड जाते, आणि म्हणूनच हा विषय सरावाला चांगला आहे.

गुणांविषयी एक सूचना. ब्रिटिश पद्धतीत ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन असते. ६४ गुण म्हणजे चांगला निबंध. घरच्यांना हे समजावून सांगावे लागते. शेऱ्यांत ‘वर्णन जास्त, विश्लेषण कमी’ असे आले तर पुढच्या निबंधात तारखांचे परिच्छेद कापून तुलनेचे वाढवावेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत विद्यापीठाचे नियम मॉड्यूलगणिक बदलतात, ते वाचावेत. ही साधने संदर्भ रचून देतात, आणि युद्धाच्या विषयात खोटा दस्तऐवज उद्धृत करणे ही विद्यार्थ्याच्या हातून होऊ शकणारी सर्वांत वाईट गोष्ट आहे.

आकडे आणि कागदपत्रे

युद्धाचा अभ्यास मोजणीवरही चालतो, आणि मोजणीआधी व्याख्या येते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा संघर्षांचा विदासंच, म्हणजे आकडेवारीचा संच, वर्षाला लढाईतले २५ मृत्यू झाले तर सशस्त्र संघर्ष धरतो आणि १,००० झाले तर युद्ध. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ साली मिशिगन विद्यापीठात सुरू केलेला प्रकल्पही १,००० चाच उंबरठा वापरतो. गोव्यात दोन्ही बाजूंचे मिळून मृत्यू शंभराच्या आत होते. म्हणजे ज्या घटनेने भूदल, नौदल आणि हवाई दल अशा तिन्ही दलांचा वापर पाहिला आणि साडेचारशे वर्षांची सत्ता संपवली, ती या निकषाने युद्ध ठरत नाही. ‘लोकशाही देश युद्धे कमी करतात’ यासारखे निष्कर्ष अशा संचांवरून काढले जातात, तेव्हा उंबरठ्याखाली काय काय राहून गेले हे विचारायची सवय लावून घ्यावी. शस्त्रखरेदी आणि लष्करी खर्चासाठी स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेचे आकडे मोफत आहेत.

कागदपत्रांची स्थिती विद्यार्थ्याला वाटते त्यापेक्षा बरी आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याचे निवडक दस्तऐवज खंडशः ऑनलाईन आहेत आणि १९६१-६३ च्या दक्षिण आशियावरच्या खंडात गोव्यासंबंधीच्या तारा सापडतात. सुरक्षा परिषदेच्या बैठकींचे शब्दशः वृत्तांत संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. गोव्यासाठी ९८७ आणि ९८८ क्रमांकाच्या बैठकी पाहाव्यात. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल, नेहरूंच्या निवडक लेखनाचे खंड, भारतीय पीएच.डी. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’, आणि दिल्लीच्या मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास व विश्लेषण संस्थेची प्रकाशने घरबसल्या उघडतात. लिस्बनमधल्या तोर्रे दो तोम्बो अभिलेखागारात सालाझार यांचे कागद आहेत; पोर्तुगीज येत नसेल तर गोव्यात ते वाचून देणारे जाणकार अजून भेटतात.

या साऱ्यात मराठी साधनांची भर घालता आली तर तुमचे काम इतरांपेक्षा वेगळे होते. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती काम करत होती, केसरीचे जयंतराव टिळक तिच्या पुढाऱ्यांत होते, आणि सत्याग्रहींच्या तुकड्या पुण्या-मुंबईहून निघत होत्या. त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांतून सरकारवर येणारा दबाव आठवड्या-आठवड्याने मोजता येतो. कारवाईची आखणीही पुण्यातल्या दक्षिण विभागाच्या मुख्यालयाकडे, लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे होती. पणजीतले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि अभिलेखागार यांना भेट दिल्याशिवाय या विषयावर लघुप्रबंध लिहू नये, असे मी म्हणेन. मराठी उतारा वापरताना भाषांतर आपले स्वतःचे असल्याची नोंद करावी आणि मूळ मजकूर परिशिष्टात द्यावा.

लघुप्रबंध

ब्रिटिश अभ्यासक्रमांत तो साधारण १२,००० ते १५,००० शब्दांचा असतो. ‘गोवा मुक्तिसंग्राम: एक अभ्यास’ हा विषय चालत नाही. ‘नोव्हेंबर-डिसेंबर १९६१ मधल्या अमेरिकी मध्यस्थीने भारताचा निर्णय लांबला का?’ हा चालतो, कारण त्याला हो किंवा नाही असे उत्तर आहे, कालखंड दोन महिन्यांचा आहे आणि साधने हाताशी आहेत. प्रस्तावात प्रश्न, तोवरच्या अभ्यासकांची उत्तरे, साधनांची यादी आणि एखादे साधन मिळालेच नाही तर काय करणार, हे चार भाग असावेत. शेवटच्या भागाकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतात आणि मार्गदर्शक नेमका तोच आधी वाचतो. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. अशा एकाच बंद कागदावर लघुप्रबंध उभा करू नये.

हयात स्वातंत्र्यसैनिकांच्या किंवा माजी सैनिकांच्या मुलाखती घ्यायच्या असतील, तर विद्यापीठाच्या नीतिविषयक समितीची मंजुरी पहिल्या मुलाखतीआधी लागते. नंतर मिळवलेली मंजुरी चालत नाही आणि ती मुलाखत वापरता येत नाही. संमतीपत्र मराठीत किंवा कोकणीत असावे. ही माणसे आता अतिशय वृद्ध आहेत, म्हणून प्रश्न थोडे विचारावेत, साठ वर्षांपूर्वीच्या तारखा त्यांच्या आठवणीवर सोडू नयेत, आणि त्यांनी सांगितलेले त्या काळच्या वृत्तपत्राशी ताडून पाहावे.

लेखन शेवटच्या महिन्यावर टाकू नये. पुराव्याचे प्रकरण आधी लिहावे, सिद्धांताचे नंतर आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. मार्गदर्शकाला भेटताना ‘पुढे काय करू?’ असे न विचारता दोन पाने लिहून पाठवावीत. ऑनलाईन शिक्षणात मार्गदर्शक तुम्हाला तुमच्या लिहिलेल्या पानांतूनच ओळखतो.

निकालानंतर पदवीपत्र आणि गुणपत्रकासोबत प्रत्येक मॉड्यूलचे अधिकृत वर्णन विद्यापीठाकडून मागून घ्यावे. पुढे पीएच.डी.साठी, परदेशातल्या नोकरीसाठी किंवा पदवीच्या पडताळणीसाठी ते मागितले जाते, आणि अभ्यासक्रम बदलला की जुनी पाने संकेतस्थळावरून जातात. लघुप्रबंधाचे एखादे प्रकरण आठ हजार शब्दांत बसवून नियतकालिकाकडे पाठवावे, आणि ज्या ग्रंथालयाचे कागद वापरले त्या ग्रंथालयाला लघुप्रबंधाची एक प्रत द्यावी.